सर्वानुमते

चवथीच्या आधीच्या शुक्रवारी म्हापशाच्या बसस्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाने भरलेल्या पिशव्या, सुपारीचे घड, पपनसासारखी हिरवीगार तोरिंजनं, आणि त्या सगळ्यांतून वाट काढत ओरडणारे कंडक्टर. कृष्णनाथ शेट्ये डिचोलीच्या बसची वाट पाहत खांबाला टेकून उभा होता, तेव्हा पलीकडे पेडण्याच्या बसच्या रांगेत त्याला शाळेतल्या दोन मुली दिसल्या. सातवीतल्या असाव्यात. नावं त्याला आठवली नाहीत. डिचोलीजवळच्या त्या निवासी शाळेचा तो एकोणीस वर्षं कार्यवाह होता, पण ऐकू न येणाऱ्या मुलांची नावं हाक मारून वापरावी लागत नाहीत, त्यामुळे ती लक्षात राहत नाहीत, असं त्याने स्वतःला केव्हाच समजावून ठेवलेलं होतं. त्यातल्या एकीने त्याला पाहिलं, दुसरीला कोपर मारलं, आणि उजव्या हाताचा पंजा खांद्याजवळून पुढे ढकलला. दोनदा. मग डोळ्यांनी त्याच्याकडे खूण केली. दुसरीनेही तेच केलं आणि हसली. आपल्याला नमस्कार करताहेत असं वाटून कृष्णनाथने पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला. त्याबरोबर दोघींनी आपापले हात पाठीमागे लपवले. एखाद्याविषयी बोलणं रंगात आलेलं असावं आणि नेमका तोच दारात येऊन उभा राहावा, तेव्हा माणसं जशी गप्प होतात, तशा त्या मुली हातांनी गप्प झाल्या. त्यांची बस आली. त्या चढल्या, आणि खिडकीतूनही त्यांनी पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही.

ती खूण त्याला येत होती. कार्यालयात त्याच्या खुर्चीमागे खुणांचा एक जुना तक्ता होता. येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना दाखवण्यापुरत्या त्यातल्या दहाबारा खुणा त्याने पाठ केल्या होत्या. नमस्कार, पाणी, शाळा, चांगलं, आणि ही. पंजा पुढे ढकलायचा, म्हणजे नंतर. पण काय नंतर? मुलींना त्याला काही सांगायचं नव्हतं, त्या आपसात बोलत होत्या. डिचोलीच्या बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली तरी त्याच्या कानशिलांत काहीतरी तापत राहिलं. अस्नोडा मागे पडल्यावर त्याने शेवटी अश्विनीला फोन लावला. ती शाळेतली खुणांची भाषा शिकवणारी शिक्षिका.

"अश्विनी मॅडम, एक विचारू? मुलं आपल्याला, म्हणजे मोठ्यांना, नावं ठेवतात का?"

अश्विनी हसली. "कोण नावं ठेवत नाही, सर?"

"तसं नाही. हातांची नावं."

"हां, ती होय. प्रत्येकाला एक असतं. नाहीतर ती एकमेकांना कोणाबद्दल सांगणार कशी? माझं नाव वेणी. अध्यक्षांचं अंगठी."

"आणि माझं?"

पलीकडे खोबरं किसल्याचा आवाज येत होता, तो थांबला. "कशाला विचारताय, सर? पोरं ती."

"नंतर, असं आहे का?"

"हो," ती म्हणाली, आणि मग सावरल्यासारखी घाईघाईने सांगू लागली, "वाईट मनाने नाही हो दिलेलं. आपली समितीतली गौरवी मीटिंगहून बाहेर आली की वसतिगृहातल्या मुली तिला घेरायच्या. काय झालं, काय ठरलं? ती सांगायची, शेट्येसरांनी सांगितलंय, नंतर. प्रत्येक वेळी तेच. मग तेच नाव पडलं. होईल आता वर्ष."

वर्ष. म्हणजे वर्षभर तो त्या आवारात फिरत होता, मुलांच्या डोक्यांवर हात ठेवत होता, स्वातंत्र्यदिनाला झेंडा फडकवत होता, आणि त्याच्या पाठीमागे दीडशे लहान हात हवेत एकच गोष्ट पुढे ढकलत होते. त्याला चीड आली नाही, आली असती तर बरं झालं असतं. बस चढावर घुरघुरत होती, शेजारचा माणूस मांडीवरचा नारळ सांभाळत पेंगत होता, आणि कृष्णनाथला दोन वर्षांपूर्वीचा तो कार्यक्रम आठवत होता. शाळेच्या समितीत एक माजी विद्यार्थी घ्यावा, पंचविशीच्या आतला असावा, असं एक परिपत्रक आलं होतं. अध्यक्ष रामचंद्रबाब म्हणाले होते, "घेऊया की एखादं पोर. खुर्चीच एक वाढवायची." गौरवीचं नाव कृष्णनाथनेच सुचवलं होतं. कोरगावची मुलगी, शाळेतून बारावी झालेली पहिली, म्हापशाला एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम जुळवण्याचं काम करणारी. कार्यक्रमात त्याने भाषण केलं. यापुढे मुलांच्या बाबतीतली एकही गोष्ट मुलांना विचारल्याशिवाय ठरणार नाही, असं तो म्हणाला. अश्विनीने ते खुणांनी सांगितलं, आणि मागे बसलेल्या सगळ्या मुलांनी दोन्ही हात वर करून बोटं हलवली. ती त्यांची टाळी. वारा सुटल्यावर शेत हलावं तसं ते दिसलं होतं. हे त्याला आता फार जड जात होतं. ते भाषण खोटं असतं तर काही वाटलं नसतं. ते बोलला तेव्हा त्याला ते खरंच वाटत होतं.

बैठकीत अश्विनीने बसावं आणि गौरवीला सांगावं, असं आधी ठरलं होतं. पगारी शिक्षक समितीत बसलेले रामचंद्रबाबांना नको होते. "मी शेजारी बसून लिहून देतो की," असं कृष्णनाथने आपणहून म्हटलं. पाणीपुरवठा खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस, लिहिण्याचा हात चांगला. एक लांब वही त्याने खास त्यासाठी घेतली. पहिल्या बैठकीला त्याने नऊ पानं लिहिली होती. कोण काय म्हणालं, कोण हसलं, चहात साखर कमी पडली म्हणून कोण कुरकुरलं, तेसुद्धा. गौरवीने वाचता वाचता हसून खाली लिहिलं होतं, 'रामचंद्रसर फार बोलतात.' त्याने त्याखाली लिहिलं होतं, 'नेहमीच.' त्या दिवशी घरी जाताना तो किती हलका झाला होता!

घरी पोचल्यावर त्याने पिशवी स्वयंपाकघरात ठेवली आणि सरळ कपाटापाशी गेला. बायको, क्षमा, माटोळीची लाकडी चौकट पुसत होती. "आधी हातपाय धुवा की," ती म्हणाली. "काय शोधताय?" "एक वही," तो म्हणाला. ती सापडली. तो पलंगाच्या कडेला बसून पानं उलटू लागला. नऊ पानं, मग पाच, मग दोन. मग एका बैठकीला अर्धं पान. मग गौरवीच्या गोल, नीट अक्षरातला प्रश्न, 'आता काय चाललंय?' आणि त्याखाली त्याचं तिरकं अक्षर, 'नंतर सांगतो.' पुढच्या पानावर पुन्हा. त्यापुढच्या पानावर तर 'नं.सां.' एवढंच, पूर्ण लिहायचेसुद्धा कष्ट त्याने घेतले नव्हते. आणि मग मार्चमधली ती बैठक. मुलींचं वसतिगृह बंद करून त्याऐवजी बस सुरू करायची, असा विषय होता. अकराच मुली राहत होत्या. पेडण्यापर्यंत बस गेली की मुली आईबापांपाशी राहतील, खोल्या संगणकवर्गाला मिळतील. कोणालाच त्यात वाईट दिसत नव्हतं. बाहेर पातळभाजी आणि पाव येऊन थांबले होते. गौरवीने लिहिलं होतं, 'काय ठरतंय?' आणि त्याखाली त्याचं उत्तर, 'मुलींच्या सोयीबद्दल. नंतर सांगतो.' पाच महिने त्याने स्वतःला सांगितलं होतं की वेळ नव्हता. पण त्या उत्तराच्या आधी एक खोडलेला शब्द होता. दोनदा रेघ मारलेली, तरी वाचता येत होता. 'वसति'. इतकं लिहून तो थांबला होता. इतकं लिहिल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं की ही मुलगी आता प्रश्न विचारील, उभी राहील, घशातून तो तिचा मोठा, बेसूर आवाज काढील, रामचंद्रबाब घड्याळाकडे बघतील, आणि सगळं लांबेल. म्हणून त्याने खोडलं. वेळ होता. 'वसतिगृह बंद', सात अक्षरं लिहायला कितीसा वेळ लागतो? मग सगळ्यांनी हात वर केले. गौरवीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने हात वर केला, मान हलवली, आणि तिनेही विश्वासाने हात वर केला. इतिवृत्तात त्याने लिहिलं, सर्वानुमते.

एप्रिलमध्ये सूचना लागली तेव्हा तिचा मोबाइलवर निरोप आला होता. 'वसतिगृह बंद? मी हो म्हटलं?' त्याने उत्तर दिलं होतं, 'भेटून बोलू.' त्यानंतरच्या दोन बैठकांना ती आली नाही. तिच्या नावापुढे त्याने 'अनुपस्थित' लिहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं.

"सापडली का?" क्षमाने दारातून विचारलं. ती जवळ आली, त्याच्या खांद्यावरून वहीत पाहिलं, त्या खोडलेल्या शब्दावर तिचं लक्ष गेलं की नाही त्याला कळलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तोंड किती उतरलंय तुमचं."

रविवारी सकाळी तो कोरगावला गेला. भाग्यलक्ष्मी, गौरवीची आई, ओसरीवर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, भरत बसली होती. त्याला पाहून तिची धांदल उडाली. पिठाचे हात पदराला पुसत ती उठली. "येवा, शेट्येबाब. चवथीच्या गडबडीत तुमी हयसर? बसा, चाय करतय." भिंतीवर वर्तमानपत्रातलं कात्रण चौकटीत लावलेलं होतं, समितीवर निवड झाल्याचं, गौरवीच्या एका बाजूला तो स्वतः हार घेऊन उभा. आपला चेहरा त्याला बघवेना. चहा नको म्हणण्याचं धैर्य त्याला झालं नाही. गौरवी आतून आली, दारातच थांबली, आणि मग आईच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिली. त्याने वही उघडली, ते पान काढलं आणि तिच्यापुढे धरलं. खोडलेल्या शब्दावर बोट ठेवलं.

गौरवीने त्या शब्दाकडे पाहिलं. मग तिने खाली बसून पेन मागितलं आणि लिहिलं, 'मला माहीत आहे. त्या दिवशी मी पाहिलं. तुम्ही खोडलं.'

'मग हात का वर केलास?' त्याने लिहिलं.

'वाटलं, चुकलं म्हणून खोडलं. तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्ही चुकीचं ठेवत नाही.'

भाग्यलक्ष्मीला वाचता येत नव्हतं, पण काय चाललंय ते तिला कळलं असावं. नेवरीची कड दुमडत, त्याच्याकडे न बघता ती बोलू लागली. "तुमका सांगतय, शेट्येबाब. वसतिगृह बंद झाला म्हणान ती रडाक नाय. पोरी तिच्यावांगडा बोलूच्यो बंद झाल्यो, म्हणान रडली. सूचनेर तिचा नाव होता. पोरी म्हणाक लागल्यो, तूच हात वर केलस. म्हापशाक स्टँडार भेटल्यो तरी तोंड फिरवतत. हातूच करनत नाय तिच्याकडे." तिने दुसरी नेवरी घेतली. "ह्या घरात तिच्याकडे बोलूक कोणाक येता? माका येता जेव, न्हाय, खंय गेल्लस, इतकाच. बापाशीक तितक्याय येना. आठ वर्सां ती थंय ऱ्हवली, ती शिकूक न्हय, बोलूक ऱ्हवली. आता त्या पोरी घराकडे बसतत तेंका कोण आसा?"

कृष्णनाथने चहाचा कप हातात धरून ठेवला होता. अकरा मुली आईबापांपाशी राहतील, हे वाक्य त्याने स्वतःच्या हाताने ठरावात लिहिलं होतं, आणि लिहिताना त्याला ते किती मायेचं वाटलं होतं. आपल्या माणसांत राहणं म्हणजे काय, हे एकोणीस वर्षांत त्याने एकाही मुलीला विचारलं नव्हतं. त्याने गौरवीपुढे हात जोडले. तिने ते पाहिलं, मान फिरवली नाही, पण काही खूणही केली नाही. थोड्या वेळाने तिने लिहिलं, 'पुढची बैठक कधी?'

चवथ झाली. पंधरा दिवसांनी बैठक होती. कृष्णनाथने अश्विनीला बोलावून गौरवीच्या समोरच्या खुर्चीवर बसवलं. रामचंद्रबाबांनी भुवया उंचावल्या. एकेकाळी ज्याचे खाणींवर चाळीस ट्रक चालायचे असा माणूस, मनाने वाईट नव्हता, फक्त त्याला कशासाठीही थांबायची सवय नव्हती. "मॅडम हांगा कशाक?"

"माझं लिहिणं पुरत नाही," कृष्णनाथ म्हणाला. "आणि मला आधी मार्चचं इतिवृत्त दुरुस्त करायचंय. त्यात सर्वानुमते लिहिलंय. ते खरं नाही. गौरवीला विषय काय आहे ते मी सांगितलं नव्हतं. मुद्दाम सांगितलं नव्हतं."

कोणीतरी खोकलं. अश्विनीचे हात हलत होते. "शेट्येबाब," रामचंद्रबाब हळू आवाजात म्हणाले, "ते मंजूर जालां. आता उकरून काय मेळतलां? बस चालू आहे. संगणक आले."

कृष्णनाथने खिशातून राजीनामा काढून टेबलावर ठेवला. तो ठेवताना त्याला जरा उंच झाल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी आपल्याला तसं वाटलं याची लाज वाटली. गौरवीने तो कागद उचलला, वाचला, आणि घडी घालून त्याच्याकडे परत सरकवला. तिचे हात हलले. अश्विनी बोलली, "ती म्हणते, तुम्ही गेलात की सुटलात. मग नवीन माणूस म्हणेल, मला काही माहीत नाही. तुम्ही बसा. तुम्हाला माहीत आहे."

"मग तिका काय होया ता विचारा," रामचंद्रबाब गौरवीकडे न बघता अश्विनीला म्हणाले. "वसतिगृह परत सुरू करूया?"

गौरवीने टेबलावर बोटांनी टकटक केली. रामचंद्रबाबांना वर बघावं लागलं. ती त्यांच्याकडे बघत सांगू लागली, आणि अश्विनीचा आवाज तिच्या मागून एकेक पाऊल टाकत येत राहिला. "मला माहीत नाही. मी वसतिगृह सोडून पाच वर्षं झाली. मला जे हवं होतं ते त्यांना हवं असेल असं नाही. अकराजणींना विचारा. एकेकीला, तिच्या भाषेत. मग ठरवा."

असं शाळेत कधी झालं नव्हतं. पण त्या दिवशी कोणाला नाही म्हणता आलं नाही, कदाचित त्या दुमडलेल्या कागदामुळे असेल. पुढचे तीन रविवार गौरवी, अश्विनी आणि कृष्णनाथ गावोगाव फिरले. त्यातल्या दोघी त्या स्टँडवरच्याच होत्या. तिघींनी सांगितलं, बसच बरी; त्यातली एक म्हणाली, घरी लहान भाऊ आहे, त्याला मी हातांनी बोलायला शिकवतेय. हे कृष्णनाथच्या मनातही आलं नसतं. सातजणींना वसतिगृह हवं होतं, आणि त्यातल्या दोघींना शनिवार-रविवार घर. सूचना कोणी लावली, कशी लागली, हे कृष्णनाथ प्रत्येक घरी आधी स्वतः सांगत होता आणि अश्विनी ते हातांनी सांगत होती. एका घरी मुलगी ऐकून उठली आणि गौरवीच्या शेजारी जाऊन बसली. दुसऱ्या घरी मुलगी बसून राहिली. एका खोलीत वसतिगृह पुन्हा सुरू झालं ते दिवाळीनंतर, आणि मुलींमधून दोघीजणी आळीपाळीने समितीत बसू लागल्या त्याही तेव्हापासून. ते सगळं व्हायचं होतं. कृष्णनाथच्या मनात घर करून बसली ती त्याआधीची एक दुपार, अकराव्या मुलीची.

सोनाली तेरेखोलची. तेरा वर्षांची. केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडायची, आणि बस तर पेडण्यापर्यंतच, त्यामुळे जूनपासून ती शाळेत आलीच नव्हती. हे हजेरीपटात दिसत होतं. त्याने पाहिलं नव्हतं. अश्विनीला त्या दिवशी ताप होता, म्हणून गौरवी आणि तो दोघेच गेले. बोटीत गौरवी कठड्याशी उभी होती, तो तिच्यापासून चार हात दूर. घर किल्ल्याखालच्या उतारावर होतं. सोनालीचा बाप, विशाल, काजूच्या बागेत कामाला जायचा. तो नुकताच परतला होता. सोनाली मामीचं तान्हं मूल कडेवर घेऊन दारात उभी होती. गौरवीला पाहून ती हसली नाही, पळालीही नाही. गौरवीने तिला काही विचारलं. सोनालीने एका हाताने, मूल सावरत, एक छोटीशी खूण केली आणि थांबली. पुन्हा केली. एखादी ओळ पाठ होती, आता आठवत नाही, असं तिच्या चेहऱ्यावर आलं. चार महिन्यांत तिच्या हातांना गंज चढला होता. कृष्णनाथने मान खाली घातली. समोर शेणाने सारवलेलं अंगण होतं, त्यावर कोंबडीची पावलं होती, तो ती मोजत बसला. मग विशालने मूल मुलीच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, आणि सोनालीचे दोन्ही हात मोकळे झाले.

आधी ती हळूहळू बोलली. मग भरभर. गौरवी तिच्यापुढे अंगणात बसकण मारून बसली होती आणि फक्त मान हलवत होती, मधेच एखादी खूण करत होती. सोनालीचे हात कपाळाशी जात होते, छातीशी येत होते, हवेत काहीतरी उभं करून मोडत होते. ती एकदा रडली, एकदा कोणाचीतरी नक्कल करून मोठ्याने हसली, आणि पुन्हा बोलत राहिली. वीस मिनिटं झाली असतील. विशाल मूल खांद्यावर घेऊन तिच्याकडे पाहतच राहिला होता, जणू त्याच्या घरात कोणी परकी मुलगी येऊन उभी राहिली होती.

"इतक्या बोलता ती?" तो म्हणाला. मग कृष्णनाथकडे वळला. "तुमी शाळेचे मोठे. माका सांगा मरे. काय म्हणता माजां चेडू?"

कृष्णनाथने सोनालीच्या हातांकडे पाहिलं. त्यातली एकही खूण त्याच्या खुर्चीमागच्या तक्त्यावर नव्हती.

"माका कळना," तो म्हणाला.

विशालला ते खरं वाटलं नाही. तो थोडा वेळ वाट पाहत थांबला, नाव मोठं असलेली माणसं आधी नाही म्हणतात आणि मग सांगतात, तसं हेही सांगतील म्हणून. मग त्याने मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, दगडावर कृष्णनाथच्या शेजारी बसला, आणि दोघे पुरुष अंगणातल्या त्या दोन मुलींकडे पाहत राहिले.